कढईचा वाटा

सरनं मले खुर्चीवर उभं केलं. खाली हॉलभर पोट्टे बसून होते. सरनं माह्याकडं बोट केलं अन् म्हनलं, "नीट बघून घ्या. कंपनी बुडवायची असेल तर असा एक माणूस आत घ्या. बाकी काही करायची गरज नाही."

हॉल हासला.

"वळ जरा," सर म्हनले. मी वळलो. "सगळ्यांना दिसू दे." मी गिरकी मारली. शर्टाची शिवन पाठीवर उसवली होती, तेबी दिसली असन. लोकं आनखी हासले.

सगळ्यायहून जास्त मी हासलो. हे पह्यलेच सांगून ठेवतो. मले कोनी बांधून नोतं चढवलं. मी आपल्या पायानं चढलो, आपल्या पायावर फिरलो, अन् उतरतानी खुर्चीले वाकून नमस्कारबी केला. त्याच्यावरही हासले.

तवा गडचिरोलीले उद्योजकतेचं शिबीर लागलं होतं. धंदा कसा कराचा, चार मानसायकून काम कसं करून घ्याचं, हे शिकवाचं शिबीर. शिकवनारे सर पुन्याकडचे, एमबीए झालेले. वय माह्याएवढंच, पन हातात खडू आला का मानूस मोठा दिसते. मी दुसरीतून शाळा सोडली. खरं म्हनजे शाळेनंच मले सोडलं, मी तं जाऊन राह्यलो होतो.

मंग मी तिथी कसा? तं आमी ढिवर. वडश्याच्या अलीकडं आमचं गाव. गावाले एक जुना तलाव हाय, कमळानं भरलेला. त्याच्यातल्या मासोळ्यावर आमच्या मोहल्ल्याच्या चुली. तलावाचा ठेका आमच्या मच्छीमार संस्थेकडं होता अन् तो संपत आलता. ठेक्याचे कागद ज्याच्या हाताखालून जात, तो साहेब म्हनला, "तुमच्या संस्थेत एक तरी माणूस धंद्याचं शिकलेला दाखवा. नाहीतर या वेळी कठीण आहे." अन् गावचा पाटील तलावावर डोळा ठेवून बसला होता. हे गावात लेकरालेही ठाऊक होतं.

संस्थेची बैठक झाली. कोनाले धाडाचं? हंगाम ओढीचा. जाळ्यावर एकएक मानूस लागते. सगळ्यायनं माह्याकडं पाह्यलं. जाळं ओढतानी मी एक दम ओढतो अन् दोन गोष्टी सांगतो, म्हनून माह्या जान्यानं कोनाचंच अडत नोतं. माहा बाप म्हनला, "जाय. तोंड चालते तुहं. तिथी तोंडाचंच काम असन."

शिबिरात पह्यल्या दिवशी ओळख कराची होती. नाव, गाव, शिक्षन, सपन. माही पाळी आली. मी म्हनलं, "सर, शाळा मी बाहेरून केली. भित्तीच्या बाहेरून." हॉल असा हासला का सरच्या डोळ्यात पानी आलं. सर म्हनले, "चला, आपल्याला जोकर मिळाला." त्या दिवसापासून माहं नाव तिथी तेच. मले बरंच वाटलं, खोटं काऊन सांगू? जिथं सगळे इंग्रजी बोलून राह्यले तिथं मले काई तरी जागा भेटली होती.

सर वाईट मानूस नोता. हेबी सांगतो, नाई तं तुमी म्हनान का याले सरचा राग हाय म्हनून रंगवते. सर आमच्या पंगतीत खाली बसून जेवत. सगळ्यायचे नावं त्यायले पाठ. माहंच सोडून.

सरनं चारचारच्या कंपन्या पाडल्या. माह्या कंपनीत वडश्याचा सलीम, त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. भामरागडकडचा चैतू, माडिया पोट्टा, दिवसभरात चार शब्द बोले अन् त्यातले दोन "हो". अन् चवथा आमच्याच गावचा, पाटलाचा प्रशांत. बाकीच्यायनं गंमत म्हनून मले लीडर केलं. मी म्हनलं, "लीडर म्हनजे काय करते, सांगा?" सलीम म्हनला, "कुछ नहीं बे. दुसऱ्याले सांगते अन् आपन घाम पुसते."

सर शिकवत, टीम म्हनजे जंजीर. एक कडी कच्ची असली का सगळी जंजीर तुटते. म्हनून कच्ची कडी शोधाची, अन् बाहेर काढाची. मी मान हालवत होतो. मले ते पटलंबी होतं. मनात म्हनलं, बाप्पा, आपल्या जाळ्यात तं सगळ्या गाठी माह्यासारख्याच.

मंग सरनं खेळ देल्ला. इतवारच्या बाजारात दर कंपनीनं कायतरी विकाचं. ज्याचा माल पह्यले संपला, तो जिंकला.

आमी तळल्या मासोळ्या विकाचं ठरवलं. माह्या बापानं सकाळच्या एसटीवर टोपलं चढवून देल्लं, वर ओला दुपट्टा टाकून. चहाच्या ठेल्यावरच्या ताराबाईकून मोठी कढई मांगून आनली. ते म्हनली, "ने बापा, पन घासून आनजो." सलीमनं चूल मांडली, मसाला लावला, तळन त्यानंच केलं. मी आपलं वरडाचं काम घेतलं. "या भाऊ या, मासोळी खा, बायको वळखनार नाई इतली ताकद येते." माह्या बायकोचं उदाहरन देऊन देऊन मी माल खपवला. घरी हे कधी सांगतलं नाई.

चैतू त्या दिवशी आलाच नाई. सकाळीच त्याले हिवताप भरला, दात वाजून राह्यले होते. सरनं सोता मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेऊन टाकलं. अन् प्रशांत? प्रशांत कडुनिंबाखाली बसून होता. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. मधामधात म्हने, "अबे, जरा कमी वरडा ना."

दुपार ढळाच्या आत आमचं टोपलं रिकामं. आमी जिंकलो.

संध्याकाळी हॉलमध्ये सरनं संत्र्याची पेटी ठेवली आमच्या पुढं. म्हनले, "हे बक्षीस. आता लीडरनं ते टीममध्ये वाटायचं. कसं वाटतो, तेच मला बघायचंय."

मले वाटलं, हे तं सोपं हाय. हे तं मले येते. साऱ्या शिबिरात पह्यल्यांदा काईतरी असं निघालं का जे मले येते.

मी पोतं हातरलं अन् संत्रे वाट्यानं मांडले. आमच्याकडं मासोळ्या अशाच वाटतात. जितके जन, तितके वाटे, अन् एक वाटा जाळ्याचा, काऊन का जाळ्याशिवाय काई नाई. जो तापानं पडला त्याचा वाटा असते. जिच्या घरचा मानूस गेला त्या बाईचा असते. मंग एक जन वाट्याकडं पाठ करून बसते. वाटनारा एका वाट्यावर हात ठेवते अन् विचारते, "हा कोनाचा?" पाठमोरा मानूस नाव घेते. ज्याचं नाव आलं, तो वाटा त्याचा. पाहनारा बोलत नाई अन् बोलनारा पाहत नाई, म्हनून भांडन नाई. आमच्या गावात पाठ करून बसाचं काम माह्या बापाचं. त्याच्यावर कोनाचा आरोप नाई.

तं मी पाच वाटे मांडले. सलीमचा, माहा, प्रशांतचा, चैतूचा अन् कढईचा. कढईचा म्हनजे ताराबाईचा. सलीमले म्हनलं, "पाठ कर." तो हासला पन बसला. मी हात ठेवून विचारलं, "हा कोनाचा?"

सर म्हनले, "थांब, थांब. हा पाचवा कोणाचा?"

"कढईचा, सर."

"कढई संत्री खाते?"

हॉल फुटला.

"आणि हा? जो आज आलाच नाही, त्याला?"

"तो तापानं पडला ना, सर. तुमीच तं नेऊन देल्लं."

"मी माणूस म्हणून नेलं. धंद्यात तो गैरहजर. आणि जो झाडाखाली बसला होता त्यालाही तेवढंच?"

"तो बाजारात तं आला होता, सर."

प्रशांतबी हासला. मंग सरनं खुर्ची ओढली अन् मले वर चढाले सांगतलं. तिथून पुढचं तुमाले सांगून झालं.

खुर्चीवरून उतरलो तवा सर म्हनले, "प्रशांतकडे बघा. त्यानं स्वतः हात लावला नाही, पण काम झालं. याला मॅनेजर म्हणतात." पेटी प्रशांतच्या पुढं सरकवली. त्यानं आपले जास्त घेतले, सलीमले थोडे देल्ले, मले हातात दोन ठेवले. मी त्यातला एक चैतूले दवाखान्यात नेऊन देल्ला. चैतूनं विचारलं, "जिंकलो?" मी म्हनलं, "हो." माहा दुसरा मी रस्त्यातच खाल्ला होता. ताराबाईची कढई रिकाम्या हातानं नेऊन देल्ली. घासली होती, तेवढीच इमानदारी.

शिबिराच्या शेवटी मोठा कार्यक्रम ठेवला. पाहुने येनार होते, अन् त्यात तोच साहेब, ठेक्यावाला. प्रमानपत्र त्याच्या हातून भेटनार. सरनं एक नाटुकली बसवली. नाव 'बुडालेली कंपनी'. बुडवनारा मी. कमरेले पंचा, खांद्यावर जाळं, पुढं संत्र्याचे वाटे. मी वाटे पाडाचे, हात ठेवून विचाराचं अन् पाठमोऱ्या सलीमनं म्हनाचं, "कढईचा." मंग, "चुलीचा." मंग, "बाजारातल्या कुत्र्याचा." शेवटी प्रशांत कोट घालून येईन अन् म्हनन, "एक तलाव, एक मालक. मगच प्रगती."

सरनं मले इचारलं, "करशील ना?"

मी म्हनलं, "सर, हे तं माह्या घरचंच हाय."

माह्या डोक्यातलं मॅनेजमेंट असं होतं: साहेब हासला तं साहेब खुश. साहेब खुश तं तलाव आपला. कोटवाला प्रशांत काय म्हनून राह्यला, याच्याकडं माहं ध्यानच नोतं. मी तं माही नकल पक्की करत होतो. बापासारखा खाकरत होतो, बापासारखं कंबरेवर हात ठेवून वाकत होतो. पोट्टे हासून लोळत.

कार्यक्रमाच्या सकाळी सलीम आला. म्हनला, "मैं नहीं करता भाई."

"काऊन?"

"मेरे अब्बा पंक्चर बनाते थे. कोई उनकी एक्टिंग करके दिखाए तो मैं मार दूँ उसको. तू अपने बाप की खुद करता."

मी म्हनलं, "अबे, गंमत हाय."

"कर तू गंमत," म्हनून तो निंघून गेला. सर म्हनले, "काही हरकत नाही. तू प्रश्न विचार, उत्तर पब्लिक देईल."

हॉल भरला. साहेब पुढच्या खुर्चीत. मांगं उभे राहाची जागा, तिथी मले आमच्या गावचे लोकं दिसले. संस्थेचे चारपाच मानसं अन् त्यायच्या मधात माहा बाप. धुतलेली टोपी घालून आला होता. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू, लांबचं धुकट दिसे. कोनीतरी सांगतलं असन, तुह्या पोराचा सत्कार हाय.

मी सुरू केलं. खाकरलो, हासले. वाकलो, हासले. वाटे पाडले. पह्यल्यावर हात ठेवला. "हा कोनाचा?"

पब्लिक वरडली, "कढईचा!"

साहेब पोट धरून हासला. बाजूच्याले म्हनला, "म्हणूनच यांचं काही होत नाही." माईकच्या जवळच बसला होता तो. मले सपष्ट आयकू आलं. तरी मी थांबलो नाई. हात दुसऱ्या वाट्यावर नेला. "हा कोनाचा?"

अन् मांगून आवाज आला. "थांबा गा, थांबा."

माहा बाप पुढं येत होता. लोकायले हातानं बाजूले करत. त्याले धुक्यातून इतलंच दिसलं असन का पोरगा जाळं घेऊन बसला हाय, वाटे पडले हायेत, अन् पाठ कराले कोनीच नाई. साहेबाले आपली वाटनी दाखवून राह्यले, अन् आपलाच मानूस कमी पडून राह्यला. तो स्टेजच्या खाली आला. टोपी नीट केली. वाट्याकडं पाठ केली, हात मांगं बांधले, अन् साऱ्या हॉलकडं तोंड करून मोठ्यानं म्हनला, "गिरजाबाईचा."

गिरजाबाई आमच्या मोहल्ल्यात राह्यते. तिचा मानूस सर्पदंशानं गेला.

हॉल असा हासला का पत्रे हालले असन. त्यायले वाटलं हा बुढाबी नाटकातलाच. साहेबानं टाळी वाजवली. कोनी शिट्टी मारली. बाप तसाच उभा. हासनाऱ्या लोकायच्या समोर, तोंड गंभीर, पुढच्या वाट्याची वाट पाहत.

मले त्याची पाठ दिसत होती. सदऱ्यावर जाळ्याच्या दोरीनं पडलेला जुना काळा पट्टा. मी त्या पाठीची नकल करून रोज जेवत होतो.

पडद्याआडून सर म्हनले, "पुढचा. पुढचा विचार."

मी हात उचलला.

"अरे, विचार ना."

"नाई विचारत."

"काय झालं?"

"सर, हे माह्या बापाचं काम हाय. मी याची नकल करनार नाई."

सर जवळ आले, हळू म्हनले, "वेडेपणा करू नकोस. साहेब बघतायत. प्रमाणपत्र हवंय ना तुला?"

"पायजे, सर. पन हे नाई करत."

आता इथी मी छाती काढून दोन शब्द बोललो असतो तं बरं दिसलं असतं. पन मी पळाचंच पाह्यलं. स्टेजवरून उडी मारली तं खांद्यावरचं जाळं पायात गुतलं अन् मी साहेबाच्या खुर्चीपुढं आडवा. हॉल पुन्हा हासला. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हासू तेच. उठलो, बापाचा हात धरला. "बाबा, चाला."

बाप म्हनला, "अजून वाटे बाकी हायेत ना."

बाहेर मुताऱ्यायच्या मांगं एक भित्त होती, तिच्या सावलीत बसलो. बाप चिडला होता. "काऊन थांबला गा? साहेब कितीक खुश होता."

"बाबा, ते आपल्यावर हासत होते."

त्यानं तंबाखू काढली. मळली. तोंडात टाकली नाई, हातातच राह्यली. आतून प्रशांतचा आवाज येत होता माईकवरून, एक तलाव, एक मालक. अन् टाळ्या.

मंग बाप म्हनला, "मंग तू काऊन हासवत होता?"

मी जाळ्याचा गुता सोडवत बसलो.

प्रमानपत्र भेटलं नाई. तलाव गेला. प्रशांतच्या नावानं कंपनी निंघाली, ठेका तिले. पाटलाची वळख होती, पैसा होता, माह्या एकट्याच्या नाटकानं गेला असं मी म्हनत नाई. पन साहेब पाटलाले म्हनला होता म्हने, "त्या लोकांचा कारभार मी डोळ्यांनी पाहिलाय." त्याच्या डोळ्यापुढं तो कारभार मांडनारा मीच.

आता आमीच जाळं ओढतो, रोजीनं. मासोळ्या बरफाच्या पेटीत भरून गाडीत जातात. काठावर वाटे पडत नाई. जो तापानं पडला, त्याची त्या दिवशी चूल नाई. गिरजाबाई पह्यले काठावर टोपलं घेऊन येऊन बसे, मंग मुकादमानं तिले हाकललं. बाप तलावाकडं जात नाई. घराच्या दारात बसते, तलावाकडं पाठ करून नाई, तोंड करून. दिसत तं काई नाई त्याले.

सरनं शिकवलेलं मी इसरलो नाई. मी त्याच्यावर लय इचार केला, जाळं ओढतानी इचाराशिवाय दुसरं काय असते? कच्ची कडी बाहेर काढा, म्हनले सर. काढली. एकएक करून काढली. गिरजाबाई काढली, तापवाले काढले, माहा बाप काढला. आता पान्यात फक्त धडधाकट लोकं हायेत अन् त्यायच्यातला कोनीबी कोनाचा नाई. हे टीमवर्क असन तं असन. काम चालते. फायदा होते. ज्याचा होते त्याचा होते.

मी सलीमच्या दुकानात बसून वाचाले शिकलो. तो म्हने, "पढ बे, नाहीतर कोनी बी कागदावर तुह्या आंगठ्याचा बाजार मांडन." चाकं काढता काढता त्यानं मले अक्षरं काढाले लावलं. मोठ्या वयात शिकनारा मानूस फार हासवनारा दिसते, ओठ हालवत वाचते. हासू देल्लं लोकायले. ते माह्या एकट्याचं होतं, तेवढं मी सोसतो. मी सोतावर आजबी हासतो, आताच पाहा ना, सांगता सांगता कितीदा हासलो. पन मोहल्ल्यातल्या कोनाचं बोलनं, कोनाचं चालनं, कोनाचं वाटनं आता माह्या तोंडातून हासाले निंघत नाई. लग्नात लोकं म्हनतात, "कर ना बे एखादी नकल." मी म्हनतो, पाटलाची करू का? मंग कोनी आग्रह करत नाई.

प्रशांतचा ठेका आता संपाले आला हाय. संस्था आमी मोडू देल्ली नाई, बैठका माह्या अंगनात होतात. बैठकीत ठरलं हाय का अर्ज आमीच देनार, अन् वाटनी कशी होते ते अर्जातच लिहिनार. जाळ्याचा वाटा, तापवाल्याचा वाटा, एकट्या बाईचा वाटा. वकील म्हनला, हे लिहू नका, अडचन होईल. मी म्हनलं, लिहा. हेच लिहाचं हाय. हे काढून तलाव भेटत असन तं तो आमाले नको, तसा तं प्रशांतकडं हायेच.

मागच्या हप्त्यात हापिसात गेलतो. नवीन साहेब हाय. अर्ज वाचता वाचता तो कढईच्या ओळीपाशी आला, हो, तेबी लिहिलं हाय, ज्याची वस्तू वापरली त्याचा वाटा. साहेबाच्या ओठाच्या कोपऱ्यात हासू आलं. मी टेबलासमोर उभा होतो. मी हासलो नाई. त्याच्याकडं पाहत राह्यलो. तो काई वेळ हासला, मंग थांबला, मंग त्यानं खाली पाह्यलं.

"तुम्ही उभे का?" तो म्हनला.

मी म्हनलं, "पुढचंबी वाचा साहेब. मी थांबतो."